जोडून दिलं की बाजूला व्हायचं

१९७४ साली मी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर रुजू झाले. वय एकवीस. ज्या बाईंनी मला काम शिकवलं, त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट तीन वेळा बजावली. दोन्ही टोकं लागली, याचं ‘हॅलो’ त्याला आणि त्याचं याला ऐकू गेलं, की आपली ‘की’, म्हणजे बोर्डावरची कळ, वर करायची आणि लाइनीतून बाहेर पडायचं. जोडून दिलं की बाजूला व्हायचं. पुढची एकोणीस वर्षं मी तेच केलं.

आज ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ते लोक कलावंत आहेत. उपग्रह, कॅमेरे, टीव्हीच्या केबली आणि मोबाइल हातात घेऊन त्यांनी दोन माणसांमधल्या बोलण्यालाच आपल्या कलेचा विषय केला. मी चित्रकार नाही, कलेची जाणकारही नाही. पण त्यांच्या कामाचा इतिहास जसजसा कळत गेला, तसतसा मला त्यात आमचा बोर्ड दिसू लागला. म्हणून तो इतिहास माझ्या खुर्चीवरून सांगते.

आधी तो बोर्ड डोळ्यांसमोर आणा. समोर उभी चौकट, तिच्यात ओळीनं जॅकची भोकं. एक भोक म्हणजे एक लाइन: कराडची, पुण्याची, मुंबईची. खाली टेबलावर कॉर्डच्या जोड्या. दिवा लागला की एक कॉर्ड त्या भोकात, की खाली, ‘बोला’. मग तिकीट लिहायचं. कुठला नंबर, किती वाजता बुक केला, ऑर्डिनरी की अर्जंट. लाइटनिंगही असे, पण त्याचा दर ऐकून माणूस बहुतेक वेळा अर्जंटवर यायचा. आणि एक प्रकार पीपी, म्हणजे ठरावीक माणूस फोनवर आला तरच कॉल लावायचा. लोकांनी या पीपीला वेगळाच अर्थ दिला होता. लग्नाच्या पत्रिकेत फोन नंबरापुढं कंसात ‘पीपी’ छापलेलं असे, म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा, निरोप दिला की ते बोलावून आणतील. फोन एका घरात आणि त्याच्यावर अवलंबून अख्खी आळी. बोलणारी बाई शेजारणीच्या दिवाणखान्यात उभी राहून, चार माणसांच्या देखत, नवऱ्याशी बोलायची.

आमच्याकडचे कॉल मुख्यतः दोन दिशांना जायचे, मुंबईच्या गिरणगावात आणि लष्कराच्या छावण्यांत. तीन मिनिटं झाली की सांगायला लाइनीत यावं लागे. तेवढ्यात जे कानावर पडे तेवढंच माझं ऐकणं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरचे महिने मला त्या ओझरत्या वाक्यांवरून आठवतात. ‘पैसे पाठवलेत’ कमी होत गेलं आणि ‘गावी येतोय’ वाढत गेलं.

आणखी एक गोष्ट मी त्या खुर्चीवर शिकले. लांबच्या लाइनीवर कधी कधी बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज क्षणभरानं परत ऐकू यायचा. खणखणीत बोलणारा गडीही मग अडखळायचा. वाक्य अर्ध्यावर सोडायचा, ‘काय म्हणत होतो मी’ असं विचारायचा. समोरच्याला सगळं नीट ऐकू येत असायचं. बिघाड एवढाच की बोलणाऱ्याचा कान स्वतःकडं वळलेला असायचा. अशा वेळी मी कॉल तोडून दुसरी लाइन मिळते का ते बघायचे.

हे सगळं मी विसरून गेले होते. आठवलं ते माझ्या भाचीमुळं. ती मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होती. एका दिवाळीत घरी आली आणि फराळाचं ताट बाजूला सारून तिनं लॅपटॉप उघडला. म्हणाली, ‘मावशी, हे तुझ्या कामाचं आहे. बघ.’ ते एका जुन्या कलाकृतीचं चित्रण होतं. नाव ‘होल इन स्पेस’, म्हणजे अवकाशातलं भोक. नाव ऐकून मला आधी जॅकच आठवला.

ही कलाकृती १९८० च्या नोव्हेंबरातली. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या अमेरिकी जोडप्याची. न्यूयॉर्कमध्ये लिंकन सेंटरच्या रस्त्यालगतच्या काचेवर आणि लॉस एंजेलिसमध्ये सेंच्युरी सिटी भागातल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेवर त्यांनी पडदे बसवले. जवळ कॅमेरे, मायक्रोफोन, ध्वनिक्षेपक. मधलं अंतर सुमारे चार हजार किलोमीटर, आणि ते उपग्रहानं जोडलेलं. तीन संध्याकाळ ही जोडणी चालली. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून जाणाऱ्या माणसाला काचेत अचानक लॉस एंजेलिसची माणसं दिसायची, डोक्यापासून पायापर्यंत, खऱ्या उंचीची, चालती-बोलती. त्यांनाही हा दिसायचा.

आपण चित्रण बघताना पहिला अर्धा मिनिट तिथल्या लोकांसारखेच गोंधळतो. कृष्णधवल, थोडं धुरकट चित्र. कोट घातलेली माणसं थांबतात, मान पुढं काढतात. कुणीतरी हात हलवतं. पलीकडून हात हलतो. मग पहिला प्रश्न: तुम्ही कुठं आहात? उत्तर येतं, आणि विश्वास बसत नाही. मग शहराचं नाव पुन्हा विचारतात, हवा कशी आहे विचारतात. इकडं रात्र पडलेली आणि तिकडं घड्याळ तीन तास मागं, हे कळल्यावर हसतात. एकोणीस वर्षांत मी ऐकलेल्या हजारो कॉलची सुरुवात अगदी अशीच होती. कुठून बोलतोस? पाऊस आहे का तिकडं? माणूस पलीकडं खरोखर आहे याची खात्री करून घेण्याची ही आपली जुनी रीत आहे.

भाचीनं मला तीन गोष्टी दाखवून दिल्या, आणि त्या ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. पहिली, तिथं एकही पाटी नव्हती. हे काय आहे, कुणी केलं, पैसे कुणी दिले, काही नाही. कलावंतांचं नावसुद्धा नाही. दुसरी, कार्यक्रम म्हणून काहीच ठरवलेलं नव्हतं. निवेदक नाही, विषय नाही. आणि तिसरी, लोकांना स्वतःचं चित्र कुठंही दिसत नव्हतं. हे त्या दोघांनी जाणूनबुजून केलं होतं. समोर फक्त पलीकडची माणसं. म्हणजे त्यांनी आधी प्रतिध्वनी काढून टाकला, लाइन जोडली, आणि की वर करून ते लाइनीतून बाहेर पडले.

पहिल्या संध्याकाळी आले ते योगायोगानं आलेले वाटसरू. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तोंडोतोंडी बातमी गेली होती. या शहरातल्यांनी त्या शहरातल्या आपल्या माणसांना लांब पल्ल्याचे फोन लावले आणि काचेसमोर यायच्या वेळा ठरवल्या. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर बातमी आली आणि दोन्हीकडं झुंबड उडाली. वीस वीस वर्षं एकमेकांना न पाहिलेले नातलग त्या गर्दीत समोरासमोर आले. ते पाहताना मला पीपीची बाई आठवली. परक्यांच्या देखत बोलावं लागतंय, पण परके मागं सरून जागा देतायत. नाव पुकारलं जातंय आणि गर्दी त्या माणसाला पुढं ढकलतेय. तिथं जे घडलं त्यात तारेइतकाच या मागं सरणाऱ्या लोकांचा हात होता.

त्या नोव्हेंबरात मी साताऱ्याला संध्याकाळच्या पाळीत कॉर्डा लावत होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माझ्याच कामाची कला करतंय, याचा मला पत्ता नव्हता.

यानंतर मी भाचीकडून मागून मागून वाचायला लागले. तारेची आणि कलेची गाठ याहून कितीतरी जुनी निघाली. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन चित्रकारानं जर्मनीतल्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यातून इनॅमलची चित्रं करून घेतली. त्यानं पुढं लिहिलं की ही चित्रं आपण टेलिफोनवरून सांगितली. याच्यासमोर रंगांचा तक्ता आणि चौकटीचा कागद, कारखान्यातल्या माणसासमोर तसाच कागद, आणि कुठल्या चौकटीत कुठला रंग ते फोनवर. त्यातली एकच रचना तीन आकारांत आजही आहे, प्रत्येक पाटी आधीच्या पाटीच्या साधारण निम्म्या मापाची. त्याची पहिली पत्नी लुसिया मोहोली हिनं मात्र नंतर सांगितलं की ऑर्डर त्यानं कारखान्यात जाऊन दिली होती, आणि हे फोनवरूनही करता आलं असतं एवढंच तो आनंदानं म्हणाला होता. मला दोन्ही खरं वाटतं. हात न लावता, नुसत्या शब्दांनी चित्र पलीकडं पोचतं ही कल्पनाच त्याला मोठी वाटली असणार. आमच्या एक्स्चेंजच्या दारावर इनॅमलची निळी पाटी होती. तिच्याकडं मी कधी चित्र म्हणून पाहिलं नव्हतं.

१९६९ मध्ये शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयानं ‘आर्ट बाय टेलिफोन’ नावाचं प्रदर्शनच भरवलं. कलावंतांनी फक्त फोनवरून सूचना द्यायच्या, वस्तू तिथल्या माणसांनी घडवायच्या. प्रदर्शनाची पुस्तिका छापली नाही, तिच्याऐवजी ग्रामोफोनची तबकडी काढली.

पण या दोन्ही कामांत बोलणं एका बाजूनं होतं. एक सांगणार, दुसरा करणार. आपल्याकडंही तेव्हा असंच काही मोठ्या प्रमाणावर घडलं. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीनं भारतातल्या सहा राज्यांमधल्या २४०० गावांत टीव्ही पोचला. ‘साइट’ म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. शेती, आरोग्य, शाळेचे पाठ. मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे. पण गाव बघत होतं, ऐकत होतं, आणि गावाला त्या लाइनीवर ‘हॅलो’ म्हणता येत नव्हतं.

गॅलोवे आणि रॅबिनोविट्झ यांनी १९७७ मध्ये उपग्रहावरच हात बसवून घेतला होता. ‘नासा’च्या मदतीनं अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरचे नर्तक त्यांनी एकाच पडद्यावर आणले. मेरीलँडमधले आणि कॅलिफोर्नियातले नर्तक पडद्यावर शेजारी शेजारी. दोघांनी हात पुढं केला तर पडद्यावर हाताला हात लागायचा. पण उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर, आणि तिथं जाऊन परत यायला संदेशाला पाव सेकंद लागतो. तू वळलीस हे मला पाव सेकंदानं दिसणार, आणि मी त्याला दिलेला जबाब तुला आणखी पाव सेकंदानं. नर्तकांना नाचाची चाल बदलावी लागली. झटके सोडून त्यांनी सावकाश, वाट बघणारी हालचाल धरली. हे वाचून मला हसू आलं, कारण परदेशचा कॉल लावताना आम्ही लोकांना नेमकं हेच सांगायचो. थांबून बोला, त्यांचं येऊ दे, मग तुमचं. ज्यांना हे जमायचं त्यांची तीन मिनिटं पुरायची. ज्यांना नाही जमायचं ते दोघंही एकदम बोलायचे आणि दोघंही एकदम गप्प व्हायचे.

याच सुमारास कोरियात जन्मलेले नाम जून पाइक मोठ्या मंचावर उपग्रहाशी खेळत होते. १ जानेवारी १९८४ ला त्यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिस थेट जोडून ‘गुड मॉर्निंग मिस्टर ऑरवेल’ हा कार्यक्रम प्रसारित केला, संगीतकार, नर्तक, कवी यांना घेऊन. ऑरवेलनं त्या वर्षाचं नाव घेऊन माणसावर नजर ठेवणाऱ्या पडद्याची भीती घातली होती. त्याच पडद्यानं माणसं भेटूही शकतात हे पाइकना दाखवायचं होतं. प्रसारणात अडथळे आले, जोडण्या हुकल्या. थेट असण्याची खूण म्हणून पाइकनी तेही आपलं मानलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्क, सोल आणि टोकियो जोडून त्यांनी ‘बाय बाय किपलिंग’ केला. पूर्व आणि पश्चिम कधी भेटायच्या नाहीत अशा अर्थाचं जे किपलिंगनं लिहिलं, त्याला हा निरोप. भाचीला या नावाचं फार अप्रूप, कारण रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली तिच्याच कॉलेजच्या आवारात झाला. त्याचे वडील जे. जे. मध्ये शिकवायचे. पाइकचे कार्यक्रम मी पाहिले, रंगीत आणि उत्साहानं भरलेले. पण तिथं बोलणारे नामांकित होते आणि आपण सगळे पुन्हा प्रेक्षकांत. मला ओढ होती फुटपाथवरच्या माणसांची.

ती मला पुन्हा भेटली फिनलंडमध्ये. १९९२ साली पॉल सर्मन या इंग्रज कलावंतानं ‘टेलिमॅटिक ड्रीमिंग’ केलं. दोन दूरच्या ठिकाणी दोन पलंग आणि मधे आयएसडीएनच्या लाइनी, म्हणजे नव्या, डिजिटल टेलिफोनच्या तारा. एका पलंगावर तुम्ही आडवे व्हायचं. वरचा कॅमेरा तुमचं चित्र टिपतो आणि दुसऱ्या गावच्या पलंगावर ते प्रकाशानं पडतं, मापात माप, अंगभर. तिथं झोपलेला माणूस तुमच्या चित्राशेजारी असतो. तो काय करतो ते तुम्हाला जवळच्या टीव्हीवर दिसतं. स्पर्श होत नाही, पण डोळ्यांनाच स्पर्शाचं काम करावं लागतं. लोक सावकाश हात पुढं न्यायचे, अनोळखी माणसाच्या चित्राच्या गालापाशी थांबायचे. कुणी घाईनं उठून जायचे, कारण एवढं जवळ आपण आपल्या माणसांनाच येऊ देतो.

१९९४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात सुझन कोझेल ही नर्तकी चार आठवडे, दिवसाचे कित्येक तास, या पलंगावर होती. तिनं नंतर जे लिहिलं ते मला फार मोलाचं वाटतं. बहुतेक लोक तिच्या चित्राशी जपून, मायेनं वागले. पण एकदा कुणीतरी तिच्या चित्राच्या पोटात कोपर मारलं आणि ती आपल्या खोलीत, एकटी, पोट धरून वाकली. अंगाला काही लागलं नव्हतं. मग आपण का वाकलो, याचा ती विचार करत राहिली. पडद्यावरची शिवी खरी नसते, तिकडं दुर्लक्ष करायचं, असं आज मुलांना सांगतात. तीस वर्षांपूर्वी एका बाईनं स्वतःच्या देहावर ताडून पाहिलं होतं की तारेवरून आलेला मार लागतो. मला ते पटलं, कारण तारेवरून आलेला शब्द लागलेली माणसं मी जन्मभर ऐकली. मृत्यूच्या बातमीचा कॉल संपला की लाइनीवर एक शांतता राहायची, तिच्यात नुसता श्वास ऐकू यायचा. अशा वेळी की वर करायला माझा हात उचलत नसे.

आता आपल्या देशात येऊ. मुंबईच्या शायना आनंद या कलावंत चित्रपटकर्तीनं २००६ मध्ये दिल्लीत ‘खिडकीयान’ केलं. खिडकी हे दक्षिण दिल्लीतल्या जुन्या गावाचं नाव. तुघलकांच्या काळातल्या, दगडी जाळीच्या खिडक्या असलेल्या मशिदीवरून पडलेलं. ‘खिडकीयान’ म्हटलं की खिडक्याही ऐकू येतात आणि यानही. खिडकी एक्स्टेन्शन ही नव्यानं, दाटीवाटीनं वाढलेली वस्ती, ठिकठिकाणांहून पोटासाठी आलेल्या लोकांची. शेजार भिंतीला भिंत लावून, पण ओळख नाही.

साधनं अगदी बाजारातली. दुकानात चोरांवर नजर ठेवायला लावतात ते स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे, घरगुती टीव्ही, मायक्रोफोन, आणि गच्च्यांवरून, गल्ल्यांवरून ओढलेली केबल. जवळपासच्या चार ठिकाणी चार टीव्ही, प्रत्येकावर एक कॅमेरा. पडद्याचे चार भाग, प्रत्येक भागात एक ठिकाण. चौघं चौघांना बघतायत, ऐकतायत. कधी ती ठिकाणं म्हणजे दुकानं, कधी घरं. घरातून फारशा बाहेर न पडणाऱ्या बायका आपापल्या खोलीत बसून, शंभर-दीडशे पावलांवरच्या पण कधी न भेटलेल्या बायकांशी बोलल्या. तू कुठली, कधी आलीस, घरात कोण कोण आहे. पुन्हा तेच जुने प्रश्न.

सीसीटीव्ही हे मुळात एकतर्फी यंत्र. वर बसलेला बघतो, खालचा दिसतो. शायना आनंद यांनी तीच तार दोन्हीकडून उघडी केली. इथं माणसाला स्वतःचं चित्रही दिसत होतं, हे खरं. पण ते चारांतलं एक, इतरांच्याच मापाचं. पंगतीत आपलं पान असावं तसं. प्रतिध्वनीचा त्रास होतो तो आपला आवाज बाकीच्यांवर चढतो तेव्हा.

२००७ मध्ये शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी मुंबईत ‘कॅम्प’ हा गट सुरू केला. २००९ पासून त्यांनी जेरुसलेममध्ये एक काम केलं, नाव ‘शेजारी आधी, घर मागून’ अशा अर्थाच्या अरबी म्हणीवरून. पॅलेस्टिनी घरांच्या गच्चीवर फिरता कॅमेरा बसवला, आणि तो घरातूनच फिरवण्याची कळ त्या कुटुंबांच्या हातात दिली. जिथं पाय ठेवता येत नाही अशा घरांकडं, एके काळी आपल्या असलेल्या दारांकडं, माणसं कॅमेरा नेतात, जवळ आणतात आणि बोलत राहतात. पलीकडून उत्तर येत नाही. जी लाइन जुळलीच नाही तिच्यावरचं हे बोलणं आहे, आणि तरी ते ऐकणारं कुणी आहे.

त्यांचा २०१३ चा चित्रपट मी भाचीबरोबर मुंबईत पाहिला, ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’. ८३ मिनिटांचा. कच्छ, सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, दक्षिण इराण इथले खलाशी लाकडी गलबतांवरून आखातात आणि सोमालियाकडं माल नेतात. लांबच्या मुक्कामात ते साध्या मोबाइलवर चित्रण करतात. समुद्र, लाटेत बुडणारं दुसरं गलबत, डेकवर कोंबलेल्या शेळ्या, नमाज, स्वयंपाक, गंमत. त्याला आवडीचं गाणं जोडतात आणि ब्लूटूथनं एकमेकांना देतात. या फोनपासून त्या फोनला, या बंदरापासून त्या बंदराला. कॅम्पनं वर्षानुवर्षं त्या खलाशांशी मैत्री ठेवली आणि त्यांचीच चित्रणं, त्यांनीच जोडलेल्या गाण्यांसकट, एकापुढं एक मांडली. निवेदन नाही. जुन्या फोनचं चित्र मोठ्या पडद्यावर चौकोनांत फुटतं, पाणी आणि आभाळ एक होतं. एका जागी दुसऱ्या गलबतावरचा माणूस हात हलवतो आणि फोन धरणारा हात हलतो, चित्र हलतं, म्हणजे यानंही हात केला. मला न्यूयॉर्कची काच आठवली.

त्या अंधारात मला माझ्या कामाची किंमत कळली असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. या कलावंतांनी काय केलं? जोडण्याचे कष्ट स्वतः घेतले, परवानग्या काढल्या, केबल ओढली, दोन्ही टोकांना नीट ऐकू येतंय ना ते पाहिलं आणि मग बोलणं ज्यांचं त्यांच्यावर सोडून दिलं. आजच्या आपल्या पडद्यांची तार त्यांच्या स्वप्नाहून कितीतरी चांगली आहे. पाव सेकंदही थांबावं लागत नाही. पण ती जोडणारा लाइनीतून बाहेर पडत नाही. आपण बोलत असताना तो ऐकत राहतो, मधे मधे दुसरंच काही दाखवतो, आणि कोपऱ्यात सतत आपलाच चेहरा धरतो. माझ्या बाईंनी असं काम करणाऱ्या मुलीला बोर्डावर बसू दिलं नसतं. नाती तंत्रानं तुटतात असं मला वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती तारेवरच तगली. पण जोडणाऱ्याचा एक धर्म असतो, आणि तो पाळला गेला की नाही हे माणसाच्या बोलण्यावरून लगेच कळतं.

आमच्या शेजारच्या आक्का चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मुलगा मस्कतला. दर रविवारी संध्याकाळी त्या माझ्याकडं येतात, कारण व्हिडिओ कॉल त्यांना लावता येत नाही. पीपीच म्हणा. पूर्वी त्या पडद्यासमोर बसल्या की आधी स्वतःलाच बघायच्या. पदर सारखा करायच्या, केस मागं घ्यायच्या, ‘किती वाळले रे मी’ म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. मुलगा पलीकडून ‘आई, बोल ना’ म्हणत राहायचा. ‘होल इन स्पेस’ पाहिल्यानंतरच्या रविवारी मी कॅलेंडरच्या कागदाचा एक तुकडा कापला आणि पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटवला. आक्कांनी विचारलं, ‘हे काय गं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, आरसा झाकला.’

आता रविवारी मी फोन पितळी डब्याला टेकवून उभा करते, कॉल लावते. ‘आक्का, दिसतोय का? ऐकू येतंय का?’ मग तिकडं विचारते, ‘तुला ऐकू येतंय ना रे?’ दोघंही हो म्हणतात. ‘बोला,’ म्हणते, दार ओढून घेते आणि ओट्यावर जाऊन बसते. आतून त्यांचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. पाऊस आहे का तिकडं, एवढं मात्र दर वेळी कळतं.